लाईट गेल्यावर

लाईट गेली. धोटा अर्ध्या पन्ह्यात अडकून राहिला.
वडगावची आख्खी गल्ली एकदम गप्प,
इतकी, की तीन घरं पलीकडचं
कुणीतरी शिंकलेलं ऐकू आलं,
आणि आमच्या भिंतीवरचं घड्याळ आवाज करतं, हे कळलं.

मनवाचे बाबा म्हणाले, "दोन तास तरी येत नाही आता,"
आणि खांद्यावर टॉवेल टाकून चहाला गेले.
राहिलो आम्ही तिघं: मी, मनवा,
आणि समोरचा ईरण्णा,
जो जेवायला तेवढा स्वतःच्या घरी जातो.

"काय करालीस गं आई?"
कांड्यांचं मशीनही बंद. म्हणाले, "काही नाही."
हे दोन शब्द पोरांना
मांडलेल्या रिकाम्या पाटासारखे दिसतात.
लगेच येऊन बसतात.

माळ्यावरून जुन्या डिझाईनचे पुठ्ठे काढले,
भोकाभोकांची लांबच लांब माळ.
ही भोकं वाचूनच मागाला कळतं
कुठला दोरा उचलायचा.
मोरांचा पदर होता. आता कुणी मागत नाही.
मनवानं एक पुठ्ठा खिडकीत उन्हाला धरला
आणि ईरण्णाच्या उघड्या पोटावर
तिळाएवढे उजेड सांडले.
तो ते चिमटीत धरायला बघालाय,
ते त्याच्या नखावर चढून बसालेत.
पाऊण तास त्यातच गेला.

मग हत्ती.
हत्तीच का, विचारू नका. पुठ्ठा राखाडी होता.

मैद्याची खळ शिजवली. ती ईरण्णानं आधी चाखली,
मीठ कमी आहे म्हणाला.
दोन पुठ्ठे पाठीला पाठ लावून अंग.
कान कुंद्याच्या खोक्याचे, अजून तुपकट.
सोंड म्हणजे लाल सुताचा गुंता,
जो मी एरवी केराबरोबर लोटते.
पायांना चार रिकाम्या कांड्या,
त्यातली एक आखूड निघाली.

"याला एवढी भोकं कशी?" मी विचारलं.
"गोवर आलाय," मनवा म्हणाली, अगदी डॉक्टरणीसारखी.
मग हळद लावणं आलं. चिंधी पांघरणं आलं.
आंबट द्यायचं नाही, असं ईरण्णाला दोनदा बजावून झालं.

शेपूट राहिली होती.
तिला जरीचीच हवी.
जरी आमच्याकडे वजनावर येते, वजनावर जाते,
सावकाराच्या वहीत तिचा रकाना वेगळा.
वीतभर तोडली.
माझी वीत. पोरीची मोजली असती
तर निम्म्यात भागलं असतं.

"हत्ती," मनवा म्हणाली.
"आने," ईरण्णा म्हणाला.
"हत्ती!"
"आने!"
प्रकरण झिंज्यांपर्यंत गेलं. मी मधे पडणार
तेवढ्यात तिनंच निकाल दिला:
सोंडेकडून हत्ती, शेपटीकडून आने.
दोघं आपापल्या टोकाला जाऊन बसले.
जरा वेळानं तिच्या ध्यानात आलं,
जरी तिकडं गेली.

बाबा आले, मागोमाग लाईट आली.
खटाक् खट, खटाक् खट,
मांडणीतल्या ताटल्या बोलू लागल्या,
फरशी तळव्यांना गुदगुल्या करू लागली,
आणि हत्ती निघाला.

कुणी हात लावला नव्हता.
अंगावर गोवर, पांघरूण घसरलेलं,
लंगडत लंगडत, बोटाबोटानं,
उंबऱ्याच्या दिशेनं.

समोरून हाक आली, "ईरण्णा, ऊटक्क बा!"
तो जागचा हलला नाही. तिथूनच ओरडला,
"यव्वा, आने नडियाकत्तैती!"
मनवानं या वेळी दुरुस्ती केली नाही.

बाबा वाकले. हत्ती उचलला.
शेपटीपाशी अंगठा थांबला जरा.
त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी कांडीकडं.
मग त्यांनी तो परत खाली ठेवला,
मागाच्या अगदी पायाशी,
जिथं फरशी जास्त हलते.